रुसवा

मराठी वर्तमानपत्रे रोज वाचणाऱ्या परक्या माणसाची अशी समजूत होईल की, महाराष्ट्रातली माणसे फक्त नाराज होतात. उमेदवारी मिळाली नाही म्हणून कार्यकर्ता नाराज, गाडी उशिरा आली म्हणून प्रवासी नाराज, नळाला पाणी नाही म्हणून रहिवासी नाराज. शब्द वाईट नाही. फारसीतला ‘ना’ आणि अरबीतला ‘राजी’ असे दोन पाहुणे हातात हात घालून आपल्याकडे आले आणि घरचेच झाले. पण सगळे नाखूश चेहरे या एका शब्दाने झाकायचे, म्हणजे घरातल्या लहानथोरांना एकाच मापाचा सदरा शिवण्यासारखे आहे. आपल्या घरांतून माणसे कुठे नाराज होत होती? ती फुरंगटत, हिरमुसत, खट्टू होत, घुश्शात असत, हुप्प होऊन बसत, नाके मुरडीत, कपाळाला आठ्या घालीत. आणि रुसत.

या शेवटच्या शब्दाबद्दल मला लिहायचे आहे. बाकीचे शब्द बहुतेक चेहऱ्याचे वर्णन करतात आणि तेथेच थांबतात. रुसवा चेहऱ्यावर दिसतो खरा, पण तो शब्द चेहऱ्याचा नव्हे. दोन माणसांमधल्या नात्याचा आहे. हे एवढेच माझे म्हणणे आहे. पण ते पटवायला थोडे हिंडावे लागेल.

आधी आठी घेऊ. आठी पडायला कारण लागते, माणूस लागत नाही. उन्हात पाहिले की आठी पडते, सुईत दोरा ओवताना पडते, विजेचे बिल उघडले की पडते. भ्रुकुटी हा तिचा संस्कृत आणि अधिक भारदस्त अवतार. ‘भ्रू’ म्हणजे भुवई आणि ‘कुट्’ या धातूत वाकडेपणाचा अर्थ. अमरकोशाने या शब्दाची भ्रकुटि, भ्रुकुटि, भ्रूकुटि अशी रूपे नोंदवली आहेत आणि ती नाट्यवर्गात नोंदवली आहेत. बरोबरच आहे. भुवईचा हिशेब नटाइतका दुसऱ्या कोणी ठेवला नसेल. भरताच्या नाट्यशास्त्रात भुवयांच्या सात हालचाली सांगितल्या आहेत: उत्क्षेप, पातन, भ्रुकुटी, चतुर, कुंचित, रेचित आणि सहज. दोन्ही भुवया मुळापासून वर चढल्या की ती भ्रुकुटी, आणि ती क्रोधाची. भुवया खाली आणल्या की ते पातन, आणि ते असूयेचे, किळस आल्याचे. शिवाय गंमत अशी की हसण्याचे आणि वास घेण्याचेही. इंग्रजांचे ‘फ्राउन’ आज कपाळावर बसलेले असले तरी त्याचे कुळ शोधीत जुन्या फ्रेंचपर्यंत मागे गेले की आपण नाकाशी येऊन पोचतो. म्हणजे तिकडचे पूर्वजही आपल्या आत्याबाईंसारखे नाकच मुरडत होते. मागाहून ते भुवयांवर गेले.

आता रुसवा शरीरात कुठे असतो ते सांगा पाहू. थोडा गालांत असतो, थोडा खालच्या ओठात, मानेत बराच. आणि सर्वांत जास्त पाठीत. रुसलेल्या मुलाचे चित्र काढायला सांगितले तर शहाणा चित्रकार पाठ काढील. नाट्यशास्त्राच्या भुवया येथे उपयोगी पडत नाहीत, कारण रुसलेला माणूस आपल्याला भुवया दाखवतच नाही. पण एक गोष्ट विसरता कामा नये. पाठ फिरवली तरी ती पूर्ण कधी फिरवलेली नसते. डोळ्याचा एक कोपरा मागे ठेवलेला असतो, कोणी येते आहे की नाही हे पाहण्यासाठी. तो कोपरा नसेल तर त्याला वैर म्हणा, वैराग्य म्हणा, नाहीतर झोप म्हणा. रुसवा म्हणता येणार नाही.

शब्दाची जन्मपत्रिका साधी आहे. संस्कृतात रुष् हा धातू. रोष, रुष्ट ही त्याचीच मुले. प्राकृतात त्याचे ‘रूसइ’ झाले आणि मराठीत रुसणे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात या धातूसाठी आणि त्याच्या भावंडांसाठी एक स्वतंत्र सूत्रच दिले आहे. या धातूंचा स्वर दीर्घ होतो, असे ते सूत्र सांगते: रुष्‌चे रूसइ, तुष्‌चे तूसइ, दुष्‌चे दूसइ. यातल्या दुसऱ्या भावाकडे जरा पाहा. तूसइ म्हणजे संतुष्ट होतो. आज मराठी घरात कोणी कोणावर ‘तुसत’ नाही. रुसणे वाडवडिलांकडून हातोहात चालत आले. संतुष्ट होण्यासाठी मात्र आपल्याला संस्कृतच्या पेढीवर पुन्हा जावे लागले आणि खूश होण्यासाठी फारसीच्या. यावरून मराठी स्वभावाबद्दल सिद्धान्त मांडण्याचा मोह कोणालाही होईल. मी तो आवरतो.

हिंदीतले ‘रूठना’ याच कुळातले, पण चुलत घराण्यातले. ते ‘रुष्ट’पासून, प्राकृत ‘रुट्ठ’च्या दारातून आले. एकाच धातूच्या चालू क्रियेवरून आपण आपला शब्द घेतला आणि हिंदीने झालेल्या क्रियेवरून. आमच्या डोंबिवलीत एकाच जिन्यावर मराठी, गुजराती, हिंदी असे सगळे रुसवे नांदतात. गुजराती शेजारीण आपला मुलगा ‘रिसाई गयो’ म्हणून सांगते आणि ऐकणाऱ्या मराठी बाईला त्याचे भाषांतर करून द्यावे लागत नाही. एका शब्दाने मात्र घोटाळा होतो. गझला ऐकणाऱ्या तरुणांना त्यांतला ‘रुस्वा’ आपलाच वाटतो. तो आपला नव्हे. तो फारसीतून उर्दूत आला आणि त्याचा अर्थ बदनाम, बेअब्रू झालेला. ‘उमराव जान अदा’ ही कादंबरी 1899 साली लिहिणारे मिर्झा हादी ‘रुस्वा’ हे काही रुसून बसलेले लेखक नव्हते. उर्दूतल्या रुस्वाची गोष्ट चारचौघांत जाते. आपला रुसवा माजघराबाहेर गेला की त्याची चव जाते. आवाज इतका सारखा आणि घरे इतकी निराळी असे शब्द मला फार थोडे माहीत आहेत.

शब्दाच्या शेपटाशी असलेला ‘वा’ही पाहण्यासारखा आहे. गोडवा, गारवा, ओलावा, दुरावा. हे सारे अंगाला जाणवणारे, हळूहळू पसरणारे पदार्थ. राग पेटतो, संताप उसळतो. रुसवा भिंतीतल्या ओलीसारखा घरात पसरतो. एक माणूस रुसले की पोळ्या लाटण्याचा आवाजसुद्धा बदलतो.

परंतु व्युत्पत्तीने शब्दाचे गाव कळते, स्वभाव कळत नाही. स्वभाव कळतो तो शब्द कोणाच्या सोबत फिरतो त्यावरून. मराठीत माणूस रागावून उठतो, चिडून निघून जातो, संतापून ओरडतो. पण रुसून बसतो. अडून बसणे, फुगून बसणे, हट्ट धरून बसणे हे याचेच शेजारी. रुसव्याला बैठक लागते, आणि बैठक लागते याचा अर्थ वेळ हातात असावा लागतो. दुसरे असे की रुसण्याला ‘वर’ लागतो. माझ्यावर रुसलास का, असे आपण विचारतो. रुसवा कोणावर तरी असतो. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. राग जातो, राग शांत होतो, राग ओसरतो, आपला आपण. रुसवा ‘काढावा’ लागतो. पायातला काटा काढावा तसा, आणि तोही दुसऱ्याने. भाषेने येथे दुसऱ्या माणसावर कामच सोपवून ठेवले आहे.

या कसोटीला लावून पाहायचे असेल तर सकाळी आठच्या सुमारास डोंबिवली स्थानकाच्या फलाटावर उभे राहावे. 1853 साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत रूळ पोचले. तेव्हापासून या पट्ट्यातल्या माणसाचे निम्मे आयुष्य गाडीशी बांधलेले आहे. जलद गाडी येते, दारात माणसांचे घोस लटकलेले असतात आणि फलाटावरच्या शेकडो कपाळांवर एकाच वेळी आठ्या उमटतात. चिडणे आहे, वैतागणे आहे, एखाद्याच्या तोंडी शिवीही आहे. पण त्या गर्दीत एकही माणूस रुसलेला नाही. गाडीवर रुसता येत नाही, कारण ती मनधरणीला येणार नाही. तोच माणूस संध्याकाळी घरी पोचतो, डबा उघडून पाहिला का म्हणून बायको विचारते, तो म्हणतो वेळच मिळाला नाही, आणि सकाळी पाचला उठून केलेल्या भरल्या वांग्यांचा रुसवा तिच्या पाठीवर लगेच दिसू लागतो. दिवसभरात त्याला भेटलेल्या सगळ्या नाखूश चेहऱ्यांत हाच एक त्याच्यासाठी असतो.

मात्र पाऊस रुसतो, नशीब रुसते, लक्ष्मी रुसते. यात मला विरोध दिसत नाही. उलट पुरावाच दिसतो. पाऊस पडला नाही असे म्हणणारा हवामान सांगत असतो. पाऊस रुसला असे म्हणणारा शेतकरी पावसाला घरच्या माणसांत धरीत असतो, आणि घरचा म्हटल्यावर त्याची समजूत काढता येईल ही आशा त्या क्रियापदातच ठेवलेली असते.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्राने हे नीट ओळखले होते. तेथे या भावाला ‘मान’ म्हणतात. विप्रलंभ शृंगाराचे जे प्रकार सांगतात त्यांत पूर्वराग आणि प्रवास यांच्या मध्ये हा मान बसलेला आहे. म्हणजे प्रेमी माणसे एकमेकांपासून दूर पडतात ती एक परदेशी गेल्याने आणि दुसरी एकाच बिछान्यावर पाठ फिरवल्याने. शास्त्राच्या दृष्टीने दोन्ही विरहच. दहाव्या शतकात धनंजयाने ‘दशरूपका’त आणि चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हा मान घालवण्याचे सहा उपाय सांगितले आहेत: साम, भेद, दान, नति, उपेक्षा आणि रसांतर. पहिली नावे ऐकून राजनीतीची आठवण होते, आणि ती व्हावी म्हणूनच ती घेतलेली दिसतात. फक्त राजनीतीतला दंड येथे गाळला आहे. साम म्हणजे गोड बोलणे. भेद म्हणजे तिच्या मैत्रिणीला आपल्या बाजूला वळवून घेणे. आपल्याकडे हे काम पूर्वी धाकट्या नणंदेकडे असे. दान म्हणजे काही निमित्त काढून दागिना देणे. ‘निमित्त काढून’ हे शब्द महत्त्वाचे, कारण उघड लाच दिली तर रुसवा वाढतो. दिवाळीच्या पाडव्याला ओवाळणीचे तबक पुढे येते तेव्हा हे निमित्त पंचांगानेच काढून दिलेले असते. नति म्हणजे पाया पडणे. हे चारही फसले तर उपेक्षा, म्हणजे आपणही वर्तमानपत्र उघडून बसणे. हा उपाय धोक्याचा आहे. कित्येक घरांत तो चाळीस-चाळीस वर्षे चालू राहिलेला दिसतो. आणि रसांतर म्हणजे एकदम भय, हर्ष असे काही मध्येच उद्भवून मान विसरला जाणे. दूध उतू गेल्याने मोडलेले रुसवे मोजले तर ते दागिन्यांनी मोडलेल्यांपेक्षा जास्त निघतील असा माझा अंदाज आहे.

‘मान’ या एका शब्दात संस्कृताने दोन अर्थ ठेवले: प्रतिष्ठा आणि प्रेमातला रुसवा. मराठीने त्यातली प्रतिष्ठा घेतली आणि दुसऱ्या अर्थासाठी रुसवा वापरला. पण जुने नाते तुटले नाही. लग्नघरात मानपान चुकला की विहीणबाई रुसतात. मानाचे पातळ, मानाचा नारळ, मामाचा मान, जावयाचा मान. यातले काही राहिले की लगेच कोपऱ्यात एक पाठ दिसू लागते. बंगालीने याच घराण्यातला ‘अभिमान’ शब्द घेतला आणि त्याला रुसव्याच्या फार जवळ नेऊन बसवले. आपल्या माणसाने दुखावले म्हणून मनात धरलेला मुका राग म्हणजे बंगाली अभिमान. मराठीत अभिमान म्हणजे गर्व. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कादंबऱ्या मामा वरेरकरांनी मराठीत आणल्या आणि आपल्याकडच्या एका पिढीने त्या घरच्यासारख्या वाचल्या. बंगालीतून मराठीत येणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत हा शब्द आडवा येतो. तसाच ठेवला तर नायिका गर्विष्ठ ठरते, रुसवा म्हटले तर पोरकट ठरते. मला विचाराल तर पोरकट ठरण्याचा धोका पत्करून रुसवाच लिहावा. आपण रुसवा हा शब्द मुलांच्या खोलीत ढकलून दिला, ही त्या शब्दाची चूक नव्हे.

किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त कृष्ण रुक्मिणीची समजूत काढतो तो प्रवेश पाहावा. 1882 साली रंगभूमीवर आलेले हे नाटक. सगळ्या जगाचे राजकारण ज्याच्या करंगळीवर चालते तो पुरुष बायकोच्या पाठीशी उभा राहून गाणे म्हणतो, आणि प्रेक्षकांना त्यात त्याचा कमीपणा वाटत नाही. त्यांना ते पद पुन्हा हवे असते. रुसव्यात जो मनधरणी करतो तो लहान होत नाही, हे त्या प्रेक्षकांना समजावून सांगावे लागले नव्हते.

येथवर रुसव्याचे गोड वर्णन झाले. पण मान आणि रुसवा ही एकाच घरची असतील, तर ज्याला मान नाही त्याने रुसायचे कसे? हा प्रश्न टाळून या शब्दाची थोरवी गाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

कल्याणात 1865 साली जन्मलेल्या यमुना जोशी या मुलीचे नवव्या वर्षी गोपाळराव जोश्यांशी लग्न झाले आणि ती आनंदीबाई झाली. पुढे तिने 1886 साली फिलाडेल्फियाला वैद्यकाची पदवी घेतली आणि दुसऱ्याच वर्षी पुण्यात तिचा मृत्यू झाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेतून तिने पतीला लिहिलेल्या एका पत्रात लहानपणी त्याच्याकडून झालेल्या मारहाणीची आठवण दिली आहे. हिंदू स्त्रीला नवऱ्यापुढे बोलण्याचा हक्क नसतो, हेही तिने त्यात सांगितले आहे. ते पत्र मी जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा मला त्यातला राग तितका जाणवत नाही, जितकी एका गोष्टीची उणीव जाणवते. त्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला रुसण्याची सोय नव्हती. पुस्तक पुढे करणारा तोच, मारणारा तोच. मग पाठ फिरवून बसावे आणि कोणी यावे म्हणून वाट पाहावी ती कोणाची? रुसायला मनधरणी करणारा कोणीतरी असावा लागतो. तो नसेल तर माणूस गप्प राहतो. त्या गप्प राहण्याला आपल्या भाषेत शब्द नाही. आपण त्याला सोशिकपणा म्हणून त्याचे कौतुक करीत आलो. सासुरवाशिणी, आश्रित विधवा, दुसऱ्याच्या घरी शिकायला राहिलेली वारावर जेवणारी मुले. यांच्या चेहऱ्यावर आठीसुद्धा चालत नसे, मग रुसवा दूरच.

आणि याच्या अगदी उलट टोकाला जावयाचा रुसवा. पहिल्या दिवाळसणाला जावई ताटावर बसून घास उचलीत नाही, सासरे हळूच खोलीत जाऊन अंगठीची डबी घेऊन येतात, मग जावईबापू हसतात आणि पंगत सुरू होते. याच्या गमतीदार हकीकती आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या. ज्या घरी अंगठी सहज होती तेथे ती गंमतच होती. ज्या घरी ती सावकाराकडून आली तेथे काय होती? नाव रुसव्याचे आणि काम वसुलीचे. हुंडाबंदीचा कायदा 1961 साली झाला, पण रुसव्याला कायदा काय करणार? त्याने तोंड उघडलेलेच नसते. खरे तर अशा रुसव्याला रुसवा म्हणणेच मी नाकारतो. ज्याला मनधरणीचे माणूस नको असून फक्त डबी हवी आहे, तो अडून बसलेला आहे. ‘अडून बसणे’ हा शब्द त्याच्यासाठी भाषेने तयार ठेवलेला आहे.

तीच गोष्ट राजकारणातल्या ‘रुसव्याफुगव्यां’ची. मंत्रिमंडळाचा विस्तार झाला की दुसऱ्या दिवशी हा जोडशब्द ठळक अक्षरांत छापून येतो. मला आधी त्याचा राग येई, मग वाटू लागले की लिहिणाऱ्याने नकळत बरोबर शब्द उचलला आहे: बंगल्याचे दार बंद, दूरध्वनी बंद, पण डोळ्याचा कोपरा रस्त्याकडे. तरीही अखेर माझे मत विरुद्धच जाते. खाते मिळाल्यावर जो हसतो, तो डबीवाल्या जावयाच्याच पंगतीतला. त्याच्यासाठी वर्तमानपत्रांनी खुशाल ‘नाराजी’ लिहावे. वर त्या शब्दावर मी जी टीका केली ती येथे मागे घेतो.

जागेचाही प्रश्न आहेच. वाल्मीकीच्या रामायणात दशरथाच्या राजवाड्यात रुसण्यासाठी एक स्वतंत्र दालन आहे. त्याचे नाव क्रोधागार. कैकेयी तेथे जाऊन जमिनीवर आडवी झाली आणि पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. वास्तुशास्त्राच्या दृष्टीने मला ही सोय फार विचारपूर्वक केलेली वाटते. कल्याणातल्या जुन्या वाड्यांत राजाचे क्रोधागार नसले तरी माजघराचा अंधारा कोपरा, माडीचा जिना, परसातली विहिरीजवळची पायरी अशा जागा होत्या, आणि कोणता माणूस कुठे जाऊन रुसतो हे घराला ठाऊक असे. शोधायला फार हिंडावे लागत नसे. ठाण्याच्या चाळीत निदान गॅलरीचे टोक होते; तेथे मात्र समजूत काढायला अख्खा मजला येई. आता आमच्याकडे दीड खोलीत पाच माणसे असतात. रुसून जायचे कुठे? गॅलरीला जाळी लावून तेथे धुण्याचे यंत्र ठेवले आहे. मुले मग मोबाइलमध्ये शिरतात आणि तेथून एक पिवळा, ओठ उलटा केलेला चेहरा पाठवतात. त्या चेहऱ्याची मला चीड नाही. त्याला ओठ आहेत, भुवया आहेत. पण पाठ नाही, आणि डोळ्याचा तो कोपरा तर नाहीच. शिवाय तो पाठवणारा शेजारच्याच खाटेवर बसलेला असतो आणि आपण आठ्या घालून त्या काचेकडे पाहत असतो.

या शब्दाची सर्वांत मोठी कथा मात्र घरातली नव्हे, देवळातली आहे. राधेला कृष्णाजवळ पाहून रुक्मिणी रुसली आणि द्वारकेहून निघून दिंडीरवनात येऊन बसली. तिला शोधीत कृष्ण आला, वाटेत पुंडलिक भेटला, आणि पुढचे अठ्ठावीस युगांचे प्रकरण आपल्याला पाठ आहे. महाराष्ट्राचा देव महाराष्ट्रात आला तो बायकोचा रुसवा काढायला, असे ही कथा सांगते. राज्य जिंकायला नव्हे, राक्षस मारायलाही नव्हे. गावोगावच्या देवळांत विठोबा-रखुमाई शेजारी शेजारी उभी असतात. खुद्द पंढरपुरात मात्र रुक्मिणीचे देऊळ वेगळे आहे. आषाढीला तासन्‌तास रांगेत उभे राहून वारकरी त्याच्या पायावर डोके ठेवतो आणि मग उठून तिच्याकडे जातो.

कोल्हापूरची लोककथा अशीच. भृगूने विष्णूच्या छातीवर लाथ मारली, विष्णूने रागावण्याऐवजी त्याचेच पाय चेपले, आणि छातीवर राहणारी लक्ष्मी अपमानाने उठून करवीरात येऊन राहिली. विष्णू तिकडे तिरुपतीच्या डोंगरावर राहिला. अंबाबाई ही विष्णूची लक्ष्मी की स्वतंत्र आदिशक्ती, याचा वाद विद्वानांत आहे आणि तो सोपा नाही. भाविकांनी त्यावर आपल्यापुरता तोडगा काढलेला दिसतो. नवरात्रात तिरुपतीच्या देवस्थानाकडून कोल्हापूरला दरवर्षी शालू येतो. साहित्यदर्पणातल्या सहा उपायांपैकी हा तिसरा, निमित्त काढून दिलेले दान. शालू वाजतगाजत येतो, देवीला अर्पण होतो. देवी काही कोल्हापूर सोडून जात नाही, आणि पुढल्या नवरात्रात पुन्हा शालू येतो.